अंगठे धरा, सर!

३६ वर्षांच्या मास्तरकीत मी केलेली एकमेव समाजसेवा म्हणजे पर्वती पायथ्याच्या रात्रवर्गात अंगठेबहाद्दरांना सही शिकवणं. शाईचा पॅड दिसला की माझ्या कपाळाला आठी पडायची. स्वतःची सही तर अशी घोटलेली, की चेकवरची पाहून कॅशियरनं मान डोलवावी.

नोव्हेंबर लागला की पेन्शनरला आपण जिवंत आहोत हे पटवून द्यावं लागतं. (घरी ते रोज सकाळी डबा पुसून, दूध आणून पटवतोच.) पेनात शाई भरून बँकेत गेलो.

"काका, सही नको. थंब द्या."

समोर काड्यापेटीएवढं यंत्र, पोटात लाल उजेड. ठेवला अंगठा.

"नाही लागला. दाबा जरा."

दाबला.

"एवढा नका दाबू. केसांवरून फिरवा, तेलकट होईल."

ती सोय माझ्या डोक्यावर १९९८ पासून नाही. मागून आवाज आला, "अहो, रेषाच बघायच्यात ना? पत्रिका नाही मांडायची!" रांग सदाशिव पेठेतली होती, हे सांगायला नकोच.

तसा सहीवरचा अविश्वास जुना. १८५८ साली बंगालात हर्शेलसाहेबानं एका कंत्राटदाराच्या करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला होता, उद्या त्यानं 'सही माझी नव्हेच' म्हणू नये म्हणून. त्या गड्याचा ठसा निदान उमटला तरी!

शेवटी आतल्या टेबलावरच्या बाई उठून आल्या. "सर, ओळखलंत?"

नाही ओळखलं. म्हणजे त्या मला ओळखत होत्या, मी त्यांना नाही, आणि यंत्र मला नाही.

"सातवी ब. निबंधाची वही विसरले म्हणून अंगठे धरायला लावले होतेत."

असं म्हणून तिनं शांतपणे माझा अंगठा धरला. नोटा मोजायच्या ओल्या स्पंजावर टेकवला, पुसला, यंत्रावर ठेवला. नापास.

"खडूनं झिजल्यात रेषा," ती म्हणाली. मग तिनं मला शिकवलं. शंख-चक्र ज्योतिष्यानं बघावेत; यंत्र बघतं रेषा कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो. त्या खुणांचा नकाशा आधार काढताना दिलेल्या नकाशाशी ताडून बघतं. 'हा कोण?' असं ते विचारतच नाही. नंबर आपण आधीच दिलेला असतो, त्यामुळे प्रश्न एवढाच, 'हा तोच का?' जुळणीला पासाची रेघ असते. ती वर नेली तर खरा माणूस बाहेर राहतो, खाली आणली तर भलताच आत शिरतो.

"मग ग्रेस मार्क द्या की," मी म्हणालो.

"तुम्ही दिले होतेत?"

मी गप्प बसलो.

आधारला दहाही बोटं दिलेली असतात, त्यातलं कुठलंही चालतं, म्हणून तिनं ओळीनं हजेरी घेतली. तर्जनी, मधलं, अनामिका, सगळी गैरहजर. राहिली करंगळी. ती खडूपासून कायम लांब असायची. ठेवली मात्र, यंत्र टुणकन वाजलं आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

मी करंगळी तशीच वर धरून उभा. सातवी ब नं माझ्याकडे पाहिलं, हसू दाबलं आणि दाराकडे बोट करून म्हणाली,

"जा सर. लवकर या."