पंक कॅरल करताय? मग चालीला हात लावू नका

कॅरल म्हणजे ख्रिसमसचं पारंपरिक गाणं, पंक म्हणजे वेगवान, दणदणीत रॉक. कॅरल दुप्पट वेगाने वाजवली की पंक झाली, हा समज आधी डोक्यातून काढा. बॅड रिलिजन हा कॅलिफोर्नियाचा बँड. फुली मारलेला क्रॉस हे त्यांचं चिन्ह. याच लोकांनी २०१३ मध्ये 'ख्रिसमस साँग्ज' काढला आणि कॅरलची टर उडवली नाही. उत्पन्नातला २० टक्के वाटा पाद्र्यांच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांच्या संघटनेला दिला. निषेध तिथे नोंदवला, चाली शाबूत ठेवल्या. माझ्या मते हाच या प्रकाराचा कस आहे.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी 'गॉड रेस्ट यी मेरी जंटलमेन' घ्यावं. मायनर स्केल (उदास छटेची सुरावट), चार बीटचा बार (म्हणजे आवर्तन). स्तोत्राच्या पुस्तकात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) जवळजवळ दर बीटला बदलते. १०० च्या टेम्पोला (मिनिटाला १०० बीट) ते खुलतं, १९० ला नुसता गोंगाट होतो. बारमध्ये एक, फार तर दोन कॉर्ड ठेवा. ओळीच्या शेवटची कॉर्ड मात्र मूळचीच हवी, नाहीतर ओळ लोंबकळत राहते.

पंकच्या पॉवर कॉर्डमध्ये फक्त रूट (मूळ सूर) आणि फिफ्थ (त्यापासून पाचवा) असतात, कारण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारच्या फाटलेल्या आवाजात, थर्ड (तिसरा सूर, मेजर-मायनर ठरवणारा) घुसला की कॉर्ड गढूळ होते. म्हणजे गाणं मेजर (उजळ) की मायनर हे सांगण्याचं काम गायकावर येतं. त्याचा थर्ड बेसूर लागला की कॅरल गेली. दुसरा आवाज चालीच्या वर थर्डमध्ये लावायचा तो म्हणूनच. दोन गिटार असतील तर दोन्हींचा गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) कमी करा. एकट्याने वाजवताना भरदार वाटतो तोच गेन दोघांत मिळून शब्द गिळतो.

'हार्क! द हेराल्ड' हल्ली बहुतेक पुस्तकांत एफमध्ये (एफ हा आधारसूर धरून) असतं. ती सोय साऱ्या चर्चने मिळून गाण्यासाठी. पुरुष गायकाचे खालचे सूर तिथे गिटारखाली गाडले जातात. ए-मध्ये न्या: खाली ई, वर एफ शार्प, आवाजाला धार येते. ओळीत सात अक्षरं आणि आठ बीट, शेवटचं अक्षर दोन बीटचं. २०० च्या टेम्पोला एक बीट ०.३ सेकंदाचा. ते अक्षर एका बीटवर तोडा आणि दुसऱ्यावर श्वास घ्या. नाही घेतला, तर तिसऱ्या ओळीला दम संपतो.

'सायलेंट नाइट' सगळ्यात अवघड. १८१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला ते पहिल्यांदा गायलं गेलं तेच मुळी गिटारच्या साथीवर, त्यामुळे गिटारचा बाऊ नको. अडचण दोन ठिकाणी: चालीचा पल्ला एक ऑक्टेव्ह (सप्तक) आणि वर फोर्थ (चौथ्या सुरापर्यंत), आणि ठेका सहा-आठचा (बारमध्ये सहा छोटे बीट). पहिला सूर ताणून त्याचा चार-चार करता येतो, पण पाळण्याचा झोका जातो. सहा-आठच ठेवा, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) चौथ्यावर, गिटारला सहाही डाउनस्ट्रोक (वरून खाली फटके).

'ओ कम, ओ कम इमॅन्युएल'मधल्या 'रिजॉइस'ला सगळ्या बँडने ओरडायचं. चार-पाच जण माइकपासून दोन-तीन पावलं मागे, दर टेकला (रेकॉर्डिंगच्या प्रत्येक वेळी) जागा बदलून. सगळे माइकला चिकटले तर घोळका ऐकू येत नाही, पाच सुटे आवाज ऐकू येतात.