काकू वेडी झालेली नाहीये

हॉस्पिटलमधून आल्यापासून डोकं फिरलंय, लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. काकूचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. आज गेले तर दोन्ही मनगटं बँडेजपट्टीने कॉटच्या कठड्याला बांधलेली, आणि मला म्हणते, "अगं शाळेची घंटा झाली, सोडायला सांग ना यांना." जन्मभर गणित शिकवलेली बाई! शेजारच्या कॉटवरच्या आजींची सून मला समजावतेय, "वय झालं की होतंच हो असं."

वय झालं की? अहो गेल्या आठवड्यात भाजीवाल्याचा हिशोब तोंडी करत होती, तेव्हा काय तरुण होती का?

याला डिलिरियम म्हणतात. ऑपरेशन, इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, काही औषधं, झोपेचं खोबरं, यातून म्हाताऱ्या माणसाचं भान एकाएकी सुटतं. आणि बऱ्याचदा हे टाळता येतं, याचाच राग येतो. १९९९ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये आणि त्यांच्या टीमने सत्तरीच्या पुढच्या ८५२ पेशंटवर अभ्यास केला. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, त्यांनी विशेष काळजी घेतलेल्यांमध्ये ९.९ टक्के. काळजी म्हणजे काय, तर चष्मा द्या, कानाची मशीन लावा, पाणी पाजा, लवकर चालवा, आज वार कुठला ते सांगत राहा, झोपेच्या गोळीआधी गरम दूध देऊन पाठ चोळून बघा. आपल्या आज्या हेच करायच्या ना घरात?

आणि काकूचा चष्मा? लॉकरच्या ड्रॉवरमध्ये, रुमालात गुंडाळून, हरवू नये म्हणून. कानाची मशीन घरी, कारण 'किमती वस्तू आणू नका'. म्हणजे धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही, वर रात्रभर ट्यूबलाइट डोळ्यावर. तुम्ही-आम्ही तरी शुद्धीवर राहिलो असतो का?

बरं, तिने सलाईन उपसून काढलं होतं, कॉटवरून उतरायला निघाली होती, पडली असती तर. मान्य.

सिस्टरवर ओरडणारच होते. पण तेवीस-चोवीसची पोरगी, अख्ख्या वॉर्डाला रात्री एकटी, मला म्हणाली, "मॅडम, मी एकाजवळ थांबले तर बाकीच्यांचं कोण बघणार?" काय बोलणार तिला. पट्ट्या सोडायला तीच आली, मनगटाचे वळ बघून तिचाच चेहरा उतरला.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष जनरल हॉस्पिटलला पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे, कुठे दिसतो? २०१४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला, ऑपरेशन झालेल्या पन्नाशीपुढच्या पेशंटचा. दर नर्समागे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. आणि आपण ॲडमिट करताना विचारतो काय, तर एसी रूम आहे का, कॅशलेस होईल का!

चष्मा लावल्यावर काकू लगेच ताळ्यावर आली असं नाही, पण भिंतीवरचं घड्याळ वाचलं तिने.

उद्या मी लेखी देणारे, सत्तरीपुढच्या पेशंटजवळ रात्री घरच्या एकाला बसू द्या म्हणून. तुमच्याकडचं कोणी ऑपरेशनला जाणार असेल तर चष्मा, कानाची मशीन, तिचे जास्तीचे सेल आणि कवळी, सगळं बरोबर न्या, आणि रात्री या वॉर्डला किती सिस्टर असतात हे ॲडव्हान्स भरायच्या आधी विचारा.