ऑटोमेशन कशाला? आपल्याला हात आहेत की!

बेळगावात राहून वेब ॲप्लिकेशन करून खायचं असेल तर एवढं पाळा: साइट लाइव्ह करायचं, म्हणजे नवा कोड लोकांच्या वापरातल्या सर्व्हरवर चढवायचं काम कधीही स्क्रिप्टच्या हाती देऊ नका. टिळकवाडीतल्या प्रत्येक ऑफिसात एक मुलगा असतो, 'ते फक्त त्यालाच जमतं' असा. तो मुलगा तुम्ही व्हा.

त्यासाठी आधी सर्व्हर एकमेकांशी जुळू देऊ नका. टेस्टिंगच्या सर्व्हरला उबंटू ठेवा, लाइव्हला जुनं सेंटओएस, म्हणजे लिनक्सचेच दोन वेगळे अवतार. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की पाट्या बदलतात, तसं अपाचे या वेब सर्व्हरची इथे ‘अपाचे-टू’ असलेली सेवा तिथे ‘एचटीटीपीडी’ होते. साइट ज्या भाषेत लिहिली ती पीएचपी टेस्टिंगवर ८.२ आणि लाइव्हवर ७.४ असेल तर फारच उत्तम, ७.४ चे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलेत, म्हणजे आता कुणी बदलायलाही सांगणार नाही. स्वतः मात्र विंडोजवर काम करा. तिथे लोगोच्या फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल असो वा स्मॉल, चालून जातं. लिनक्सवर चित्र गायब. गिऱ्हाईक विचारेल, तेव्हा म्हणा, “माझ्याकडं तर दिसतंय की!”

डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहा. प्रत्येक सर्व्हरची सेटिंग कोडबाहेर ठेवायची असते, असं सांगणारे भेटतील. त्यांना कुंदा द्या आणि विषय बदला.

कुणी अ‍ॅन्सिबलचं नाव काढलंच तर सावध व्हा. हे सर्व्हर आपोआप जुळवून देणारं साधन. त्यात सर्व्हरांची यादी एका फाइलीत, प्रत्येकाचे फरक दुसऱ्या फाइलीत, आणि प्लेबुक, म्हणजे करायच्या कामांची फाइल, नीट लिहिलं तर कितीही वेळा चालवा, जे आधीच जागेवर आहे त्याला ते हात लावत नाही. मग रात्री अकराला तुम्हाला फोन कोण करणार? टीका करायला जागा हवीच असेल तर या फाइली ज्यात लिहितात त्या यामलमध्ये टॅब चालत नाही, यावर तासभर बोला.

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर बाजारातल्या कंपनीने ही हातकामाची परंपरा मनापासून जपली. आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा कोड गेला, आठव्यावर टाकायचा राहिला, आणि दुसऱ्या कुणी तपासलंही नाही. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. आपलं गिऱ्हाईक उद्यमबागेतलं फौंड्रीवालं. त्याचं फार तर बिल निघणार नाही आणि माल भरलेला ट्रक गेटवर उभा राहील.

मागे फिरायची सोय तर अजिबात ठेवू नका. काही लोक प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरात ठेवतात, ‘चालू’ नावाची लिंक त्याकडे वळवतात, आणि बिघडलं की लिंक जुन्या फोल्डराकडे. क्षणात काम! यात घाम कुठे आला? तुमच्याकडे ‘जुनं-फायनल-खरं-२’ नावाची झिप असली की पुरे. डेटाबेसमधला कॉलम उडवला असेल तर तीही उपयोगाची नाही, पण ते तेव्हा बघू.

पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी लागली की काहीही लिहून न देता निघा. मालक पहिल्याच आठवड्यात फोन करतील, “अरे, बंद पडली की रे साइट!” ताशी दर आधीच ठरवून ठेवा, आणि जीएसटी वेगळा सांगा.