मावशी मावेना

मावशीच्या लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी करून घ्यायची होती. एकूण पाच तासांचा मामला. नवी पेठेतल्या दुकानात मी स्वच्छ सांगितलं, "तीन डिस्क करा." माझं काम इथंच संपायला हवं होतं.

पण शेजारी सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला एक काका उभे होते.

"तीन कशाला ओ मालक? एकात बसतंय की."

"बसेल काका, पण दिसणार नाही," मी म्हणालो. साध्या डिस्कवर दोन तास नीट मावतात. तेव्हा चित्राच्या दर सेकंदाला पाचेक मेगाबिट (माहिती मोजायचं माप) मिळतात. पाच तास कोंबले की जेमतेम दोन उरतात.

काकांनी कोरी डिस्क उचलून मधोमध अंगठा उमटवला. "हितं 4.7 जीबी लिवलंय. माझ्या पोराच्या कम्प्युटरवर 4.38 दाखवतंय. मधलं कोण खाल्लं?"

"कुणी नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, कम्प्युटर 1024 च्या."

"म्हंजे मापात पाप."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर याचा रागही येतो. डब्यावर मोठा आकडा छापायचा आणि घरी गेल्यावर लहान दाखवायचा, हे कुणी खपवून घेतलं?

दुकानदार गालातल्या गालात हसत होता. काका आता रंगात आले. "सोलापुरी चादर बघितलाव का कधी?" सोलापुरात जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न! "पिशवीत बसंना म्हणून चादर कोण कापतंय का? गुडघा द्यायचा, दाबायची. बसतीय."

"काका, चादर बाहेर काढून झटकली की परत चादरच होते. व्हिडिओ दाबताना जे गेलं ते गेलंच."

"मग तुमची चादरच बोगस असंल."

व्हिडिओ सीडीच्या काळात निदान प्रामाणिकपणा होता. 700 एमबीच्या सीडीत 80 मिनिटं, त्यामुळे सिनेमा दोन सीड्यांत यायचा. मध्येच उठून सीडी बदलायची, तेवढ्यात चहा व्हायचा. कुणाची तक्रार नव्हती.

तेवढ्यात काकांची झेरॉक्स आली. दोन पानं एका कागदावर घेतलेली. काका केवढ्यांदा ओरडले! "बारीक कशाला केला बे? अक्षरं फुटलीत सगळी! दोन कागद घे की!"

मी दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने वहीत माझ्या नावापुढे लिहिलं: डिस्क 1.

मी "तीन, तीन" म्हणून बजावून निघालो. संध्याकाळी एकच मिळाली. मावशी स्तब्ध बसलेली असेपर्यंत ठीक दिसते. अक्षता पडायला लागल्या की खेळ खलास. प्रत्येक दाणा हलतो, प्रत्येक चौकटीत चित्र बदलतं, आणि दोन मेगाबिटांत ते झेपत नाही. ज्या सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, त्या गावातल्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी नवरानवरीच्या तोंडाचे चौकोन व्हावेत? काकांचे, म्हणजे मावशीच्या यजमानांचे, फक्त कल्ले ओळखू येतात.

पावतीवर मात्र 'एचडी कन्व्हर्जन' म्हणून जादा पैसे. व्हीएचएसचं एचडी! जे कॅसेटमध्ये मुळात कधी नव्हतंच, ते यांनी कुठून आणलं?

दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, काल तुमच्याबरोबर आलेले ते काका एकच म्हणाले होते की."