दमाम कुठला? खानापूरचा!

गेल्या हिवाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातील एका सांस्कृतिक कार्यक्रमाला गेलो होतो. लेझीम झाले, भजन झाले आणि मग आफ्रिकी मूळ असलेल्या सिद्दी समाजातील काही स्त्री-पुरुष दमाम हे आपले वाद्य घेऊन मंचावर आले. निवेदकाने मोठ्या कौतुकाने घोषणा केली, ‘‘आता पाहूया खास आफ्रिकन नृत्य!’’ टाळ्या पडल्या. ज्या बसने आमच्या गावची मुले कॉलेजला जातात, त्याच बसने ही माणसे तालुक्याच्या जंगलपट्ट्यातून आली होती. त्यांच्या गावाचे नाव मात्र कोणी घेतले नाही. ती गोष्ट तेव्हापासून मनात सलते आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आपण सीमाभागातले मराठी लोक ‘परके’ या शब्दाला फार हळवे आहोत आणि त्याला कारणही आहे. 1956 साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. माणसे होती तिथेच राहिली, पण भाषेवरून त्यांना आपल्याच गावात उपरे ठरवले जाऊ लागले. ‘मराठी हवी असेल तर महाराष्ट्रात जा’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला त्याची धार वेगळी समजावून सांगावी लागत नाही. असे असताना, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहणाऱ्या माणसांना केवळ कातडीचा रंग आणि केसांचा पोत पाहून आपण एका वाक्यात समुद्रापार पाठवून देतो, हे आपल्या लक्षात कसे येत नाही?

सिद्दी म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला जंजिऱ्याचा सिद्दी आठवतो, फार तर मलिक अंबर. खानापूर, हल्याळ, यल्लापूर या पट्ट्यातील सिद्दींची कहाणी निराळी आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांपैकी जे पळून घाट चढले आणि इथल्या जंगलात लपले, त्यांचे बरेचसे वंशज आज या भागात आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत. घरात ते कोकणी बोलतात आणि त्या कोकणीत मराठी व कन्नड शब्द सहज मिसळलेले असतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना 2003 साली अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना त्यासाठी 2020 पर्यंत थांबावे लागले. पोकळ लाकडाला कातडे मढवलेला दमाम हे या समाजाचे वाद्य आहे, आणि त्याच्या ठेक्यावर होणाऱ्या नाचालाही त्याचेच नाव आहे. (दमामा हा नगाऱ्यासाठीचा शब्द आपल्या मराठीतही जुनाच आहे.) हा ठेका समुद्रावरून आलेला असेलही, पण त्यावरची गाणी आपल्या घाटात, आपल्या भाषांच्या सरमिसळीतून घडलेली आहेत.

गाण्यावर वंशाची चिठ्ठी चिकटवण्याचा इतिहास अमेरिकेत फार स्पष्ट दिसतो. 1920 साली मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराची ध्वनिमुद्रिका प्रचंड खपली आणि कंपन्यांना एक नवा बाजार दिसला. पुढे ‘रेस रेकॉर्ड्‌स’ (रेस म्हणजे वंश) या नावाखाली कृष्णवर्णीयांचे संगीत वेगळ्या यादीत ठेवले गेले. बिलबोर्ड या नियतकालिकाने आपल्या यादीचे ते नाव बदलले ते 1949 साली. दरम्यान दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या शहरांत गेले होते. मडी वॉटर्स हा ब्लूज गायक 1943 साली मिसिसिपीहून शिकागोला गेला आणि शहराच्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून त्याच ब्लूजला विजेची गिटार मिळाली. यातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. ‘रेस’ हा शब्द त्या काळी कृष्णवर्णीयांची स्वतःची वृत्तपत्रेही अभिमानाने वापरत असत. म्हणजे दोष केवळ शब्दाचा नव्हता. तोच शब्द दुकानदाराच्या हातात गेला की वेगळी फळी तयार होत होती. एखाद्या सिद्दी तरुणाने आपल्या आफ्रिकी मुळाचा अभिमान बाळगला तर तो त्याचा हक्कच आहे. निवेदकाने तेच मूळ पुढे करून त्याचे गाव पुसून टाकणे ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे.

आपल्या स्वतःच्या संगीताचे मूळ शोधताना आपण किती उदार असतो, तेही पाहा. मराठी संगीत नाटकाला 1880 च्या ‘शाकुंतला’ने उभे करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्याआधी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभारले, त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळातून मिळाली. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत, कन्नड भाषक घरात झाला. ते मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, क्षयामुळे देवासला गेले आणि तिथे माळव्याच्या लोकगीतांनी त्यांचे गाणे समृद्ध केले. त्यांना ‘आपले’ म्हणताना आपण त्यांची मातृभाषा विचारत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर चौंडक्याच्या साथीने मराठी आणि कन्नड गाणी शेजारी शेजारी चालतात, आणि ‘उदो उदो’ कोणत्या भाषेतले, असे तिथे कोणी विचारत नाही. ‘सैराट’चा कन्नड अवतार 2017 साली आला, त्याचे संगीतही अजय-अतुल यांचेच होते. मिरवणुकीत एकमेकांच्या नाकावर टिच्चून गाणी वाजवणारी आपली दोन्हीकडची पोरे एकाच ठेक्यावर नाचू शकतात, हे त्यातून उघड दिसते.

मग हे औदार्य दमामपाशी येऊन का थांबते? माझ्या मते त्याचे कारण संगीतात नाही. कन्नड-मराठी देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंना प्रतिष्ठा आहे, साहित्य आहे, संस्था आहेत. सिद्दींच्या बाजूला जंगलतोडीनंतरची मजुरी आहे आणि आपल्या मनातला रंगाचा तिरस्कार आहे. हा तिरस्कार आपण लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, सुस्वरूप’ म्हणून छापतो आणि तरीही तो आपल्यात नाही असे समजतो.

माझी मागणी साधी आहे. आपल्या गणेशोत्सव मंडळांनी आणि संमेलनांच्या आयोजकांनी दमामच्या चमूला जरूर बोलवावे. ढोल-ताशा पथकाला जेवढी बिदागी देतो तेवढीच त्यांनाही द्यावी. त्यांना नाच सुरू करायला सांगण्याआधी गाण्याचा अर्थ त्यांच्याच तोंडून ऐकावा. आणि लेझीमच्या पथकाची ओळख करून देताना जसे सांगतात, तसेच निवेदकाने त्यांच्याबद्दलही सांगावे: कलाकारांची नावे, त्यांचे गाव आणि तालुका खानापूर.