फिनलंडला सोव्हिएत तेल फुकट मिळत नव्हतं

‘तटस्थ राहिल्याचं बक्षीस म्हणून सोव्हिएत संघ फिनलंडला फुकट तेल द्यायचा’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. भाव जागतिक बाजाराचाच होता. फक्त डॉलर मोजावे लागत नसत. हिशेब क्लिअरिंग रुबलच्या, म्हणजे फक्त या दोन देशांच्या हिशेबापुरत्या कागदी चलनाच्या खात्यात, किराणा दुकानातल्या वहीसारखा. तेल आलं की मॉस्कोच्या नावे जमा. आइसब्रेकर (बर्फ फोडणारी जहाजं), कागद, बूट फिनलंडहून तिकडे गेले की वजा. फिनिश कारखानदाराला बँक ऑफ फिनलंड, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, मार्कांत (फिनलंडच्या तेव्हाच्या चलनात) पैसे चुकते करायची. गोम अशी, की हे रुबल तिसरीकडे चालतच नसत, म्हणून दोन्ही बाजू जुळवाव्या लागत. १९७३ नंतर तेल महागलं तशी हिशेब जुळवायला फिनलंडची निर्यात वाढली. १९८६ मध्ये भाव कोसळल्यावर मॉस्कोकडून फिनलंडचंच येणं साचलं आणि निर्यातीला कात्री लागली. १९९० अखेर ही वही बंद झाली.