फॉरवर्ड पास रॉकनी यांचा नव्हे

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातील एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कुणाला वाटत नाही. नोटर डेम विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक नूट रॉकनी यांनी १९१३ साली फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकून साथीदाराने तो झेलण्याचा डाव, शोधून काढला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीने असले काही कधी पाहिलेच नव्हते, म्हणून तिचा संघ गारद झाला. आणि त्या दुपारपासून खेळ पालटला, अशी ती गोष्ट आहे. त्यातला सामना तेवढा खरा आहे.

मुळात सामन्याच्या दिवशी, १ नोव्हेंबर १९१३ रोजी, रॉकनी प्रशिक्षक नव्हतेच. ते संघाचे कर्णधार होते आणि पंचविसाव्या वर्षी अजून विद्यार्थीच होते. नॉर्वेतल्या व्हॉस गावी १८८८ साली जन्मलेला हा मुलगा पाचव्या वर्षी शिकागोला आला, तिथल्या टपाल खात्यात काही वर्षे नोकरी करून त्याने पैसे साठवले आणि बाविसाव्या वर्षी विद्यापीठात पाऊल ठेवले. त्या सामन्यात संघाचे प्रशिक्षक होते जेसी हार्पर, आणि चेंडू फेकत होता गस डोराइस. रॉकनी झेलणाऱ्यांपैकी एक होते. मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले ते १९१८ साली.

आता शोधाचा प्रश्न. हा डाव १९०६ सालीच नियमात बसवण्यात आला होता, आणि त्यामागे कुणाची प्रतिभा नव्हे, तर मृत्यू होते. त्या काळी हा खेळ म्हणजे एकमेकांना बिलगलेल्या दोन जमावांची रेटारेटी असे. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर बोलावून समज दिली, तरीही त्या हंगामात सुमारे दीड डझन खेळाडू दगावल्याचे वृत्तपत्रांनी नोंदवले. गर्दी फोडून खेळ मोकळा करण्यासाठी जे नियम बदलले गेले, त्यांतला एक म्हणजे फॉरवर्ड पास.

नव्या नियमाचा सर्वांत गंभीरपणे विचार केला तो सेंट लुइस विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी कोकम्स यांनी. १९०६ च्या उन्हाळ्यात त्यांनी आपला संघ विस्कॉन्सिनमधील बिउला सरोवराकाठी नेला आणि तिथे याच एका डावाचा सराव करून घेतला. तेव्हाचा चेंडू आजच्यापेक्षा बराच फुगीर होता आणि तो एका पंजात धरणे अवघड जाई. कोकम्स यांनी उपाय काढला तो असा, की टोकाजवळच्या बांधणीच्या दोन दोऱ्यांमध्ये बोटे रोवायची आणि मनगटाला पीळ देत चेंडू त्याच्या लांब अक्षाभोवती फिरता सोडायचा. ५ सप्टेंबर १९०६ रोजी वॉकेशा येथे कॅरल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला, तो मात्र वाया गेला. आणि तेव्हाच्या नियमानुसार कुणाच्याही हाताला न लागलेला पास म्हणजे चेंडू थेट प्रतिपक्षाच्या स्वाधीन. इतका जुगार असूनही रॉबिन्सनने पुन्हा फेक केली आणि जॅक श्नायडरने ती झेलून टचडाउन (चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) केला. त्या हंगामातले सर्व ११ सामने या संघाने जिंकले आणि आयोवाला ३९-० असे धुतले.

अर्थात ‘जनक’ हा शब्द कोकम्स यांनाही जपूनच लावावा लागेल, कारण नियम होण्यापूर्वीच जॉन हाइझमन या प्रशिक्षकाने अशा पाससाठी आग्रह धरला होता.

वेस्ट पॉइंटला हा डाव अपरिचित होता, हे म्हणणेही टिकत नाही. तो कायदेशीर होऊन सात वर्षे उलटली होती आणि लष्करी अकादमीचा संघ स्वतःही पास खेळत असे. नोटर डेमने ३५-१३ असा विजय मिळवला खरा, पण मध्यंतराला गुणफलक १४-१३ होता. नुसत्या आश्चर्याने गारद झालेला संघ एका गुणाच्या अंतरावर राहत नाही. फरक तयारीचा होता. त्या उन्हाळ्यात ओहायोतील सीडर पॉइंटच्या किनाऱ्यावर नोकरी करता करता डोराइस आणि रॉकनी यांनी फेकण्या-झेलण्याचा कसून सराव केला होता. शिवाय पास २० यार्डांहून लांब जाऊ नये ही अट १९१२ साली उठली होती आणि चेंडूही थोडा सडपातळ झाला होता, त्यामुळे डोराइसच्या लांब फेकींना वाव मिळाला. हा सामना पूर्वेकडच्या बड्या वृत्तपत्रांच्या डोळ्यांदेखत झाला. सेंट लुइसचा पराक्रम त्यांच्या नजरेबाहेर घडला होता.

याची सर्वांत स्पष्ट कबुली खुद्द रॉकनी यांचीच आहे. १९३० साली एका साप्ताहिकात लिहिताना त्यांनी कोकम्स यांच्या संघाचा उल्लेख केला आणि पूर्वेने पश्चिमेकडच्या खेळाची दखलच घेतली नाही, असे नमूद केले. पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १९३१ रोजी, कॅन्ससमध्ये झालेल्या विमान अपघातात ते गेले. त्यांच्या जीवनावरचा चित्रपट १९४० साली पडद्यावर आला, आणि त्यात तो किनारा आणि तो सामना होता, कोकम्स नव्हते.